सायकल मार्गिकेला पांढरा पट्टा पुरतो की कठडा लागतो?

चाकोरी (धागाकर्ती)

गर्दीच्या रस्त्यावर नुसती रंगवलेली सायकल मार्गिका फार दिवस टिकत नाही. आधी एखादी गाडी दोन मिनिटांसाठी उभी राहते, मग मालाची गाडी, मग खोदकामाचा राडारोडा. पट्टा जागेवर असतो, पण त्यावरून सायकल जाऊ शकत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वर्दळीच्या रस्त्यावर कठडा किंवा तसा भक्कम अडथळा नसेल तर ती मार्गिका कागदावरच आहे असं धरावं.

मार्गिका कोणासाठी बांधायची याचा विचार केला तर हे जास्त पटतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल नियोजक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये लोकांचे चार गट मांडले होते. कुठल्याही रस्त्यावर बेधडक सायकल घालणारे एक टक्क्याहूनही कमी. पट्टा असेल तर चालवू म्हणणारे सुमारे ७ टक्के. काही झालं तरी चालवणार नाही म्हणणारे साधारण एक तृतीयांश. उरलेले ६० टक्के लोक चालवायला तयार आहेत, पण त्यांना गाड्यांची भीती वाटते. कठडा या ६० टक्क्यांसाठी हवा.

आतल्या गल्ल्यांबद्दल माझा आग्रह नाही. तिथे गाड्यांची संख्या आणि वेग कमी ठेवला, ताशी ३० च्या आत, की सायकल सगळ्यांबरोबर चालू शकते. माझा प्रश्न मोठ्या रस्त्यांचा आहे. कुठला अडथळा टिकतो, रुंदी किती लागते, कुठे बिघडतं आणि का? आणि बांधलेली मार्गिका उखडा अशी मागणी आली तर समोर काय ठेवायचं? कृपया तपशील द्या.

गियर_सात

पट्ट्याबद्दल एक मोजणी सांगतो. मेलबर्नमध्ये सायकलींना सेन्सर लावून, ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या किती अंतर सोडतात ते मोजलं गेलं. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जिथे मार्गिकाही नव्हती आणि पार्किंगही नव्हतं अशा रस्त्याच्या तुलनेत, नुसता पट्टा असलेल्या रस्त्यावर गाड्या सरासरी २७ सेंटीमीटर जास्त जवळून गेल्या. पट्टा आणि कडेला उभ्या गाड्या असं दोन्ही असेल तिथे ४० सेंटीमीटर.

हे उलटं का होतं? चालक आपल्या लेनच्या रेषा बघून गाडी चालवतो. रेषेच्या आत आहोत ना, मग झालं. रेषा नसते तेव्हा त्याला सायकलकडे बघून अंतर ठरवावं लागतं.

दुसरा धोका उघडणाऱ्या दाराचा. उभ्या गाडीचं दार साधारण एक मीटर बाहेर येतं. दीड मीटरचा पट्टा उभ्या गाड्यांना लागून मारला तर त्यातला दोन तृतीयांश भाग दाराच्या टप्प्यात जातो. अनुभवी सायकलस्वार मग पट्ट्याच्या बाहेरच्या रेषेवरून चालवतो आणि मागच्या गाडीचा चालक हॉर्न वाजवतो, की पट्टा दिलाय तर त्यात का चालवत नाही.

कर्बस्टोन

प्रश्न अडथळ्याचा आहे म्हणून एकेक प्रकार घेतो.

लवचिक खांब: सर्वात स्वस्त आणि एका रात्रीत लागतात. ३ ते ६ मीटरवर एक लावतात. पण हे दिसण्यापुरते आहेत, गाडी अडत नाही. चाकाखाली आला की वाकतो, पुन्हा उभा राहतो, आणि असं बऱ्याचदा झालं की तळातून तुटतो. तुटल्यावर जमिनीत राहिलेला बोल्टचा खुंट सायकलच्या चाकाला फार वाईट. खांब लावायचे असतील तर त्याच निविदेत सुटे खांब आणि ते बदलण्याचं काम घाला. नाहीतर वर्षभरात मार्गिका दात पडल्यासारखी दिसते.

रबरी किंवा प्लास्टिकचे बुटके उंचवटे: यांची उंची अडचणीची. गाडी सहज चढून जाते, पण रस्ता ओलांडणाऱ्याचा पाय अडकतो. रिफ्लेक्टर निघून गेला की रात्री दिसतही नाहीत. लावलेच तर प्रत्येकाशेजारी किंवा एकाआड एक उभा खांब हवा.

तयार काँक्रीटचा कर्ब, म्हणजे बुटका कठडा: माझी पसंती याला. उंची १०० ते १५० मिलिमीटर, रुंदी किमान ३०० मिलिमीटर. डांबरात भोक पाडून सळईचे खुंटे बसवायचे आणि इपॉक्सी भरायची. नुसत्या सिमेंटच्या मालावर चिकटवलेला कर्ब बसच्या चाकाने सरकतो. सायकलच्या बाजूची कड तिरकी हवी, सरळ उभी नको. उभ्या कडेला पेडल आपटतं आणि माणूस थेट पडतो. तिरक्या कडेला चाक घासलं तरी सावरता येतं.

कुंड्या: वजन चांगलं, दिसायला छान. पण पाणी कोण घालणार हे आधी ठरवा. आणि चौकाजवळ झाडासकट उंची ६०० मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. लहान मूल सायकलवर असेल तर वळणाऱ्या चालकाला त्याचं डोकंच दिसत नाही.

उंच काँक्रीट कठडा: पूल आणि वेगवान रस्ते यांसाठी. पहिल्या तुकड्याचं तोंड उतरतं किंवा धक्का शोषणारं असलं पाहिजे. उघडं चौकोनी टोक गाडीवाल्यासाठी जीवघेणं आहे.

उत्तरायण

वाचनखूण साठवली. कुंड्यांचा उंचीचा मुद्दा सुशोभीकरणवाल्यांना कोणीतरी सांगा.

नकाशे

कर्बस्टोन, अडथळा जितका उंच तितकी वापरता येणारी रुंदी कमी होते हेही जोडायला हवं. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत, एलटीएन १/२० मध्ये, याचा हिशेब दिला आहे. ६० मिलिमीटरपर्यंतच्या कडेला काही सोडायला नको. त्याच्यावर १५० पर्यंतचा कर्ब असेल तर त्या बाजूला २०० मिलिमीटर वजा. १५१ ते ६०० मिलिमीटर उंच वस्तू असेल तर २५०. ६०० च्या वर काहीही असेल, रेलिंग, भिंत, खांबांची रांग, तर ५०० मिलिमीटर वजा.

आता एक उदाहरण करून बघा. नकाशावर मार्गिका २ मीटर. एका बाजूला १०० मिलिमीटरचा कर्ब, दुसऱ्या बाजूला पदपथाचं उंच रेलिंग. २०० आणि ५०० गेले, हातात राहिले १.३ मीटर. चालत्या सायकलला डोलण्यासकट एक मीटर लागतो, म्हणजे ओव्हरटेक करणं अशक्य. एक मंद सायकल पुढे असली की मागची सगळी रांग तिच्या वेगाने. उद्घाटनाच्या पत्रकात २ मीटर लिहिलेलं असतं आणि लोक विचारतात, एवढी रुंद मार्गिका देऊनही सायकलवाले रस्त्यावर का येतात. म्हणून मागणी करताना "नकाशावरची रुंदी" नका मागू, "वजावट करून उरणारी रुंदी" मागा. एकेरीला ती २ मीटर हवी, अगदी नाइलाज असेल तर थोड्या अंतरापुरती दीड.

शंकासूर

विरोधासाठी विरोध करत नाही, पण हिशेब समजावून सांगा. गर्दीच्या रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची. ती कठडा घालून कायमची दिली, आणि दिवसातले बरेच तास ती रिकामी दिसते. शेजारी गाड्यांची रांग उभी. पट्टा असेल तर गरजेला बस, रुग्णवाहिका त्यावरून जाऊ शकतात. कठड्याने ती लवचिकता जाते. हे शहराला परवडतं का?

नकाशे

शंकासूर, प्रश्न रास्त आहे. उत्तर अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेचा एक तक्ता यासाठी उपयोगी पडतो. साधारण तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यातून तासाला किती माणसं जाऊ शकतात: खासगी गाड्या ६०० ते १,६००, दुहेरी संरक्षित सायकल मार्गिका ७,५००. ही क्षमता आहे, रोजची संख्या नव्हे. पण रिकामी दिसण्याचं कारणही इथेच आहे. सायकली थांबून राहत नाहीत, रांग साचत नाही, त्यामुळे बरीच माणसं जाऊनही मार्गिका मोकळी दिसते. गाड्यांची लेन भरलेली दिसते कारण ती हलत नसते. दिसण्यावरून ठरवू नका, मोजून ठरवा.

रुग्णवाहिकेबद्दल: नेदरलँड्समध्ये रुग्णवाहिका रुंद सायकल मार्गांचा वापर करतात. ३ मीटर किंवा त्याहून रुंद मार्गिका, चढता येईल असा तिरका कर्ब, आणि तोंडाशी काढता येणारा खांब, एवढं असलं की कोंडीतल्या रस्त्यापेक्षा ती जागा जास्त कामाची. सायकलवाला क्षणात कडेला होतो, अडकलेली गाडी होऊ शकत नाही. रंगवलेल्या पट्ट्यावर मात्र गाड्या उभ्या असतात, तिथून रुग्णवाहिका जाईल हे गृहीतक टिकत नाही.

सिग्नलवाला

सगळी चर्चा दोन चौकांच्या मधल्या भागाची चालली आहे. जीव चौकात जातात.

कोपनहेगनमधला एक अभ्यास मार्गिकेच्या बाजूच्या लोकांनीही वाचला पाहिजे. कर्बने वेगळ्या केलेल्या मार्गिका बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर काय झालं याची तुलना २००७ च्या सुमारास मांडली गेली. सायकल वाहतूक १८ ते २० टक्क्यांनी वाढली, गाड्या ९ ते १० टक्क्यांनी घटल्या. पण अपघात आणि जखमी अंदाजापेक्षा ९ ते १० टक्के जास्त निघाले, आणि ती वाढ मुख्यतः चौकांत होती. मधल्या भागात सुरक्षितता वाढली होती.

कारण भूमितीत आहे. उभ्या गाड्यांच्या किंवा कठड्याच्या मागे सायकल चालकाच्या नजरेआड असते आणि चौकात अचानक समोर येते. डावीकडून वाहतूक चालते त्या देशात डावीकडे वळणारी गाडी तिला आडवी जाते. अवजड वाहन असेल तर केबिनच्या डाव्या कोपऱ्यात चालकाला काही दिसतच नाही.

यावर पुढचे उपाय आहेत, महत्त्वाच्या क्रमाने:

पहिला, कोपऱ्यावर बेट. चौकाच्या कोपऱ्यात काँक्रीटचं छोटं बेट बांधून गाडीचं वळण घट्ट करायचं, त्रिज्या ३ ते ५ मीटर. गाडीला वेग कमी करावाच लागतो. बससाठी बेटाची बाहेरची कड बुटकी आणि चढण्याजोगी ठेवता येते.

दुसरा, सायकलचं ओलांडणं मागे घेणं. मुख्य लेनच्या कडेपासून ४ ते ६ मीटर आत, म्हणजे एक गाडी मावेल एवढं. गाडी वळून सरळ होते आणि मग सायकल चालकाच्या अगदी समोर, काचेतून दिसते. मागच्या रहदारीला न अडवता ती थांबूही शकते.

तिसरा, चौकाआधी पार्किंग तोडणं. किमान ६ मीटर, वेग जास्त असेल तर आणखी. तिथे नुसती रेषा मारली तर गाडी उभी राहणारच, म्हणून तिथे सायकल स्टँड बसवा. बुटका आहे, नजर अडत नाही, आणि जागाही सत्कारणी लागते.

चौथा, वेगळा सिग्नल. मॅसॅच्युसेट्सच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत ठोकताळा आहे. जवळच्या बाजूला वळणाऱ्या गाड्या तासाला १५० च्या वर गेल्या तर एकेरी मार्गिकेला स्वतंत्र वेळ द्या. मार्गिका दुहेरी असेल तर १०० लाच.

पदपथी

सिग्नलवाला, कोपऱ्याच्या बेटाने पायी चालणाऱ्याचंही अंतर कमी होतं, हे लिहायला हवं. मधे थांबायला जागा मिळते.

आता पायी चालणाऱ्यांच्या बाजूचं. बसथांबा हा सर्वात नाजूक भाग. मार्गिका थांब्याच्या मागून न्यायची, म्हणजे बस मार्गिकेत घुसत नाही. थांब्याचं बेट किमान २.५ मीटर रुंद लागतं, नाहीतर बसमधून उतरणारा माणूस थेट सायकलसमोर येतो. बेटापर्यंत जाताना मार्गिका पदपथाच्या उंचीपर्यंत उचलायची, वर झेब्रा पट्टे, दोन्ही बाजूंना दृष्टिहीनांसाठी उठावाच्या फरशा. सायकल येताना आवाज होत नाही. ज्याला दिसत नाही त्याला ती कळत नाही, म्हणून फरशा आणि सायकलचा वेग कमी करणारा उंचवटा या दोन्ही गोष्टी सक्तीच्या धरा. अंध व्यक्तींच्या संघटनांना आराखडा छापून झाल्यावर बोलावण्यात अर्थ नाही, आखणीच्या वेळीच बोलवा.

आणि पदपथ कापून मार्गिका काढणं हा उपाय नव्हे. जागा गाड्यांकडूनच घ्यावी लागेल.

लांबपल्ला

शेवटच्या ओळीला शंभर टक्के सहमत. पदपथावर दोन रंगांच्या फरशा बसवून "सायकल ट्रॅक" लिहिणं थांबलं पाहिजे. त्याने चालणारा आणि सायकलवाला एकमेकांचे शत्रू होतात.

अवांतर: मार्गिकेला पेव्हर ब्लॉक घालू नका. दर काही इंचाला सांधा, त्याची कड खालीवर होते, हात बधिर होतात आणि वेग घटतो. खोदकामानंतर ब्लॉक नीट दाबून बसवले जात नाहीत. डांबर किंवा गुळगुळीत काँक्रीट हवं. काँक्रीट असेल तर सांधे करवतीने कापलेले, हाताने ओढलेल्या खोल रेघांचे नकोत. वेगळा रंग हवा असेल तर डचांसारखा रंग डांबरातच मिसळा. वरून मारलेला जाड रंग पावसात घसरतो. मारायचाच तर त्यात खरखरीत वाळू टाका, आणि वळणावर मारूच नका.

गाळ_पाणी

पेव्हर अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. त्याच ओघात पाणी आणि कचरा.

कठडा घातला की रस्त्याचं पाणी कडेच्या गटारापर्यंत जायची वाट बंद होते. सलग कर्ब बांधून ठेवला आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्ता तुंबला, की लोक पहार घेऊन कर्ब फोडतात. पुढचे अनेक महिने तो फुटकाच राहतो. म्हणून रस्त्याचा उतार आधी तपासा. उतार मार्गिकेकडे असेल तर कर्बमध्ये फटी ठेवायच्या, ३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या गटाराच्या जाळीच्या जरा वरच्या अंगाला. फट दोन-अडीच मीटरची ठेवली तर तिथून गाडी आत शिरते, म्हणून लहान फटी जास्त ठेवा. मार्गिकेचा स्वतःचा आडवा उतार २ टक्के पुरे.

जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. समांतर असतील तर चाक आत जातं. हा एक नियम पाळला तरी मोठे अपघात टळतात. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत हवीत. डांबराचा नवा थर देताना ती वर उचलली नाहीत तर जागोजागी खळगे होतात.

झाडलोट: मोकळ्या रस्त्यावरची काच, खडी, पानं गाड्यांच्या चाकांनी कडेला फेकली जातात. कठडा असला की हे सगळं मार्गिकेत जमतं आणि तिथून गाडी जात नसल्याने हलत नाही. नेहमीचं झाडणारं यंत्र जवळजवळ अडीच मीटर रुंद, ते आत जात नाही. दीड मीटरच्या आत बसणारं छोटं यंत्र विकत घेतलेलं नसेल तर हाताने झाडण्याची माणसं आणि वेळापत्रक आधी ठरवा. कोपनहेगनमध्ये बर्फ काढताना सायकल मार्गिकांना प्राधान्य देतात. तिथले लोक हिवाळ्यातही सायकल चालवतात यामागे हे एक मोठं कारण आहे.

शंकासूर

क्षमतेचं उत्तर पटलं. पण एक अडचण कोणी घेतलीच नाही. जिथे मोटरसायकली आणि स्कूटर जास्त आहेत, तिथे कठडा गाडी अडवेल, स्कूटर कशी अडवणार? सायकल जिथून जाते तिथून स्कूटर जातेच.

कर्बस्टोन

शंकासूर, फक्त बांधकामाने ती अडत नाही हे खरं आहे, आणि कोणी तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका. तोंडाशी नागमोडी रेलिंग किंवा फिरतं फाटक लावतात, त्याने आधी अडतात ते तीनचाकी सायकलवाले, मालवाहू सायकली, अपंगांच्या हाताने चालवायच्या सायकली. स्कूटरवाला वाकडीतिकडी करून निघून जातो. खांबांमधलं अंतर दीड मीटर ठेवा, त्याहून कमी नको. गाडी अडते, रुंद सायकल जाते.

काही प्रमाणात आखणीने होतं. स्कूटर मार्गिकेत शिरते ती सिग्नलची रांग टाळायला. म्हणून मार्गिकेचं तोंड सिग्नलला थांबायच्या रेषेच्या मागे उघडं ठेवू नका. चौक ओलांडल्यावर लगेच कर्ब सुरू करा आणि पुढच्या चौकापर्यंत मधे फट ठेवूच नका, पाण्याच्या फटी सोडून. आत शिरलेल्याला मधून बाहेर पडता येत नाही हे कळलं की शिरण्याचा फायदा कमी होतो.

बाकीचं काम दंडाचं. तोंडाशी कॅमेरा आणि दंड घरी.

गियर_सात

याला जोडून अ‍ॅम्स्टरडॅम. तिथे ताशी २५ किलोमीटरच्या हलक्या स्कूटरना सायकल मार्गिकेवर परवानगी होती आणि गर्दी फार झाली होती. एप्रिल २०१९ पासून शहराभोवतीच्या वळणरस्त्याच्या (रिंग रोड) आतल्या भागात त्यांना मुख्य रस्त्यावर पाठवलं, हेल्मेटही सक्तीचं केलं. म्हणजे डच शहरालाही हा निर्णय कायद्याने घ्यावा लागला. मार्गिका कोणाची हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कठड्याच्या आत नवी गर्दी तयार होते. आता विजेवर चालणारी वजनदार वाहनं सायकलच्या नावाखाली येत आहेत, त्यांचाही वेग आणि वजन यांची मर्यादा नियमात हवी.

दुहेरी_पेडल

कोणी दुहेरी मार्गिकेबद्दल लिहिलं नाही. एका बाजूला ३ मीटर घेऊन दोन्ही दिशा, म्हणजे एकच कठडा, खर्च कमी. हा प्रकार कसा वाटतो?

सिग्नलवाला

जागा आणि खर्च वाचतो, चौकात किंमत मोजावी लागते. गल्लीतून बाहेर येणारा चालक गाड्या ज्या बाजूने येतात तिकडेच बघतो. दुहेरी मार्गिकेवर सायकल उलट बाजूनेही येते, तिकडे त्याची नजर जात नाही. म्हणून दुहेरी मार्गिका नदीकाठ, रेल्वेमार्ग, मोठं उद्यान अशा कडेने चांगली, जिथे एका बाजूला गल्ल्याच नाहीत. दर पन्नास मीटरवर गल्ली असलेल्या बाजारपेठेत एकेरीच बांधा. नाइलाज असेल तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मार्गिका ७५ ते १०० मिलिमीटर उचललेल्या सपाट उंचवट्यावरून न्या, म्हणजे गाडीला चढावं लागतं आणि वेग पडतो.

नकाशे

दुहेरी मार्गिकेच्या बाजूने सेव्हिल आहे. स्पेनमधल्या या शहराने २००६ पासून काही वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचं जोडलेलं जाळं बांधलं, बहुतेक दुहेरी, बरीचशी जागा पार्किंगची घेऊन. सायकल फेऱ्यांचा वाटा एक टक्क्याच्या खालून सहा टक्क्यांच्या आसपास गेला. ते जमलं त्याला माझ्या मते कारण जाळं. तुकडे तुकडे बांधले असते तर मधल्या फटींनी लोकांना परत गाडीकडे पाठवलं असतं. घरापासून कामापर्यंतच्या वाटेत एक जरी धोक्याचा चौक असला तरी आई मुलाला सायकलवर पाठवत नाही.

मॉन्ट्रियलच्या दुहेरी मार्गिकांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात शेजारच्या तुलनेच्या रस्त्यांपेक्षा जखमी होण्याचा दर २८ टक्के कमी आढळला. टोरोंटो आणि व्हँकुव्हरच्या जखमींवरचा २०१२ चा अभ्यास तर जास्तच ठळक: कडेला पार्किंग असलेल्या आणि सायकलसाठी काहीच नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत संरक्षित मार्गिकेवरचा धोका सुमारे एक नवमांश.

सिग्नलवालांचा कोपनहेगनचा आकडा आणि हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. तुलनेचा आधार वेगळा आहे. कोपनहेगनमध्ये वाढ चौकात झाली, आणि चौक नीट केल्याशिवाय कठड्याचा पूर्ण फायदा मिळत नाही हेच त्यातून दिसतं.

उत्तरायण

पार्किंग गेलं की दुकानदार उभे राहतात, त्यांना काय सांगायचं?

लांबपल्ला

सांगायच्या आधी त्यांच्या दारात मोजा. टोरोंटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २००९ च्या पाहणीत दहा गिऱ्हाइकांमागे साधारण एकच गाडीने आलेला निघाला. प्रत्येक बाजारपेठेत हेच निघेल असं नाही, म्हणून त्याच रस्त्यावर दुकानातून बाहेर पडणाऱ्याला विचारायचं: कसे आलात, महिन्याला किती वेळा येता. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस, दोन्ही.

माल उतरवण्याची अडचण मात्र खरी आहे. तिला उत्तर दिलं नाही तर मालाची गाडी कठडा ओलांडून मार्गिकेत उभी राहीलच. प्रत्येक टप्प्यात एक लोडिंगची जागा, मार्गिकेच्या बाहेरच्या बाजूला, तिथून हातगाडी ओलांडायला उतार. आणि सकाळच्या ठरावीक तासांत ती फक्त मालासाठी.

चाकोरी

सगळ्यांचे आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझा दुसरा प्रश्न अजून बाकी आहे. बांधलेली मार्गिका काढा अशी मागणी आली तर?

गियर_सात

ताजं उदाहरण कॅनडातल्या ओंटारिओचं. तिथल्या प्रांत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरोंटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या मार्गिका काढायचं ठरवलं. सायकलस्वार न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. काढल्याने लोकांच्या जिवाला धोका वाढेल आणि कोंडी कमी होईल याला आधार नाही, असा त्याचा गाभा. लक्षात घ्या, मार्गिकांवर आधीच मोजणी झालेली होती म्हणून हे सिद्ध करता आलं.

नकाशे

म्हणून बांधण्याआधीच मोजणी. सात सलग दिवसांची, कारण एका दिवसाची मोजणी पावसाने किंवा सुट्टीने बिघडते. सायकली, पायी, बस आणि गाड्यांतली माणसं, वाहनं नव्हे. बसला त्या टप्प्याला लागणारा वेळ. वळणाऱ्या गाड्यांचा वेग. सायकलस्वारांत स्त्रिया आणि मुलं किती. बारा महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात पुन्हा. अपघातांचे आकडे एका रस्त्यावर वर्षभरात फार थोडे असतात, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, तीन वर्षांचे घ्या.

शिवाय गाडीवाल्यांनाही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बारा मोठ्या शहरांच्या तेरा वर्षांच्या आकड्यांवर २०१९ मध्ये अभ्यास झाला. वेगळ्या केलेल्या मार्गिका जास्त असलेल्या शहरांत रस्त्यावरचे मृत्यू सगळ्यांचेच कमी होते, गाडीत बसणाऱ्यांचेही.

शंकासूर

हा शेवटचा मुद्दा सभेत सर्वात आधी मांडा, शेवटी नको. एक सूचना: आधी एक टप्पा बोल्टने बसवलेल्या कर्बने करा, काँक्रीट ओतू नका. चुकीची जागा निघाली तर सरकवता येईल. विरोध करणाऱ्यालाही "सहा महिने बघू" म्हणता येतं.

कर्बस्टोन

चांगली सूचना. तसं करणार असाल तर दोन गोष्टी. बोल्ट दर महिन्याला आवळायचे, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, कारण सुरुवातीला गाड्या सर्वाधिक धडकतात. आणि चाचणीचा टप्पा चौकासकट निवडा. दोन चौकांच्या मधलाच तुकडा घेतला तर सिग्नलवालांनी सांगितलेलं काहीच तपासलं जाणार नाही. कोपऱ्याचं बेटही आधी रंग आणि खांबांनी करता येतं, बस वळते का ते बघून मग काँक्रीट.

चाकोरी

ठीक. दोन चौकांसकट टप्पा, बोल्टचा कर्ब, लोडिंगची एक जागा, आधी सात दिवस मोजणी. जाळ्या आडव्या आहेत का ते या आठवड्यात पाहून फोटो टाकते. पाण्याच्या फटी कुठे ठेवायच्या ते गाळ_पाणी यांनी फोटो बघून सांगावं.

गाळ_पाणी

टाका. उताराची दिशा कळेल असे, ओल्या रस्त्याचे काढा.